घरातलं माणूस गेल्यावर वसुलीचा फोन येतो तेव्हा काय करायचं

दादा गेला त्याच्या नवव्या दिवशी त्याच्याच मोबाईलवर फोन आला. मोबाईल आम्ही बंद केला नव्हता कारण त्याचे ऑफिसातले, कॉलेजातले लोक अजून त्याच नंबरवर फोन करत होते, ओट्याशेजारच्या प्लगला तो लावलेला असायचा आणि जो जवळ असेल तो उचलायचा. त्या दिवशी वहिनीने उचलला. समोरच्या मुलीने आधी सॉरी मॅडम म्हटलं आणि दुसऱ्याच वाक्यात विचारलं की सरांच्या कार्डाचे पैसे आज तुम्ही किती भरू शकता. वहिनीने पाच हजार यूपीआयने पाठवले, का तर तो आवाज थांबावा म्हणून. थांबला नाहीच, दुसऱ्या दिवसापासून दिवसाला चार-चार फोन सुरू झाले, कारण ही बाई रडते आणि पैसे देते हे त्यांना कळलं होतं.

ते पाच हजार वहिनी देणं लागत नव्हती. ते क्रेडिट कार्ड एकट्या दादाचं होतं. हे आम्हाला कळायला दीड महिना लागला, तोवर आम्ही सगळेच घाबरलेले होतो. त्यानंतर नात्यात, ओळखीत तीन-चार घरांत मी हेच निस्तरायला मदत केली, म्हणून जे शिकले ते इथे लिहून ठेवतेय. सगळं भारतातल्या कायद्याप्रमाणे आहे, काही गोष्टी फक्त महाराष्ट्रातल्या आहेत. मोठी प्रॉपर्टी असेल किंवा भावाभावांत वाद असेल तर वकील लागेलच, पण पहिले दोन महिने सांभाळायला एवढं पुरतं.

आधी मूळ गोष्ट

गेलेल्या माणसाचं कर्ज त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून फेडायचं असतं, मागे राहिलेल्या माणसांच्या पगारातून नाही. म्हणजे त्याचं बँकेतलं शिल्लक, एफडी, गाडी, जमीन, घरातला त्याचा हिस्सा हे सगळं आधी त्याच्या देण्याला जबाबदार असतं आणि देणी भागून जे उरेल ते वारसांचं. देणी जास्त आणि मालमत्ता कमी असेल तर घेणेकऱ्याला जेवढं मिळतं तेवढ्यावर थांबावं लागतं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० हेच सांगतं, की वारसाची जबाबदारी त्याच्या हातात मयताची जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच. काही मिळालंच नसेल तर जबाबदारी शून्य.

आपल्याकडे लोकांना वाटतं की बापाचं कर्ज मुलाने फेडायचंच असा कायदा आहे. जुन्या हिंदू कायद्यात मुलावर तसं धार्मिक कर्तव्य मानलं जायचं हे खरं, पण मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्यानेच वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती आणून ठेवली होती, आणि हिंदू वारसा कायद्यात २००५ ची जी दुरुस्ती झाली, जी मुलींच्या हक्कासाठी सगळ्यांना माहीत आहे, त्याच दुरुस्तीत कलम ६ मध्ये हेही आहे की ९ सप्टेंबर २००५ नंतर घेतलेल्या कर्जासाठी केवळ त्या धार्मिक कर्तव्याच्या नावाखाली मुलगा, नातू, पणतू यांच्याकडून वसुली करायचा हक्क कोर्ट मानणार नाही. तेव्हा फोनवर कोणी पितृऋणाची भाषा करायला लागला, वडिलांच्या नावाला बट्टा लागेल म्हणाला, तर समजायचं की त्याच्या हातात कागद नाहीये आणि म्हणून तो तुमच्या मनाला हात घालतोय.

पण काही वेळा जबाबदारी तुमची असते आणि ती आधी तपासा, इथे चुकीच्या भरवशावर राहू नका. तुम्ही सहकर्जदार असाल, जे होम लोनमध्ये नवरा-बायकोच्या बाबतीत जवळजवळ नेहमी असतं, तर पूर्ण कर्ज तुमचंही आहे. जामीनदार म्हणून सही केली असेल तरी तेच, १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरलेली आहे. पतसंस्थेच्या कर्जात जामीनदार हमखास असतात, आणि सहकारी संस्थांना सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळवून जामीनदाराच्या पगारापर्यंत जाता येतं, त्यामुळे ते पत्र आलं तर कपाटात टाकू नका. बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या कर्जात गटातल्या बायका एकमेकींना जामीन असतात का तेही कागदावर बघा. हॉस्पिटलमध्ये ॲडमिशनच्या वेळी ज्याने बिल भरण्याची हमी म्हणून सही केली त्याची ती स्वतःची हमी असते. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवणं मात्र रुग्ण हक्कांच्या सनदेत बसत नाही, तिथे तिथल्या तिथे आवाज चढवायला हरकत नाही.

ॲड-ऑन कार्डाबद्दल, म्हणजे नवऱ्याच्याच क्रेडिट कार्डावर घरच्यांना मिळालेल्या जोडकार्डाबद्दल, खूप बायका घाबरतात. ॲड-ऑन कार्डाची देणी मूळ कार्डधारकाच्या नावावर असतात, तुमच्या हातात ॲड-ऑन कार्ड होतं म्हणून ते कर्ज तुमचं होत नाही. फक्त माणूस गेल्यानंतर ते कार्ड वापरू नका, किराणाही भरू नका त्याच्यावर.

नॉमिनी असणं म्हणजेही कर्जाला जबाबदार असणं नाही. बँक खात्याचा नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा माणूस, पुढे ते पैसे वारसांचे आणि घेणेकऱ्यांचे.

पहिला फोन

घरातल्या एकाच माणसाला हे काम द्या. जो सगळ्यात कमी रडतोय त्याला नको, जो लिहून ठेवतो त्याला द्या. आमच्याकडे मी होते. बाकी सगळ्यांनी फोनवर एकच वाक्य बोलायचं, की याबद्दल अमुक अमुक बघतात, त्यांच्याशी बोला, आणि फोन ठेवायचा. म्हाताऱ्या आईवडिलांना आणि शाळकरी मुलांना हे आधी समजावून सांगा कारण वसुलीवाले घरातला प्रत्येक नंबर लावून बघतात आणि कोण हळवं आहे ते त्यांना दोन मिनिटांत कळतं.

मग तुम्ही बोलताना काय बोलायचं, तर आधी त्याचं पूर्ण नाव, एजन्सी कुठली, बँक कुठली, लोन नंबर काय, हे विचारून वहीत लिहायचं, तारीख आणि वेळ टाकायची. मग सांगायचं, "ते वारले आहेत. मी कर्जदार नाही, जामीनदारही नाही. तुमचं जे काही म्हणणं आहे ते बँकेच्या लेटरहेडवर लेखी पाठवा, फोनवर मी काहीच कबूल करणार नाही." एवढंच. तो बरंच काही बोलेल, तुम्ही हेच वाक्य परत म्हणा आणि ठेवून द्या, वाद घालू नका. वाद घातला की बोलता बोलता तोंडून निघून जातं की हो बघतो, पगार झाला की देतो थोडे, आणि ते रेकॉर्ड होत असतं.

तीन गोष्टी पहिल्या दोन महिन्यांत अजिबात करू नका. जिथे तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नाही आणि काही गहाणही नाही, तिथे थोडेसुद्धा पैसे भरू नका, टोकन म्हणूनही नाही. कुठल्याही कागदावर सही करू नका, हमीपत्र, सेटलमेंटचा अर्ज, नुसती माहिती घेतल्याची पोच असं म्हणाले तरी आधी सगळं वाचा, कारण "मी ही रक्कम भरेन" असं लिहून दिलं की ते वडिलांचं कर्ज राहत नाही, ते तुमचं होऊन जातं. आणि तिसरं म्हणजे गेलेल्या माणसाचं एटीएम किंवा यूपीआय वापरून खात्यातले पैसे काढू नका, पिन माहीत असला तरी. खूप घरांत पहिल्या आठवड्यात हेच होतं, खर्च समोर असतो म्हणून, आणि नंतर तेच अंगाशी येतं.

सहीचं अजून एक कारण आहे. साध्या पैशाच्या कर्जाला कोर्टात जायची मुदत १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे ३ वर्षं असते, आणि ती संपायच्या आत कर्ज मान्य असल्याची लेखी कबुली सहीनिशी मिळाली तर त्या तारखेपासून ३ वर्षं परत नव्याने मोजली जातात. काही जुनी प्रकरणं अशी असतात की मुदत संपायला दोन-तीन महिने उरलेले असतात आणि म्हणूनच एवढी घाई चाललेली असते.

फोन करणारा खराच बँकेचा आहे का हेही बघा. मृत्यूच्या बातम्या आणि फोटो फेसबुकवर असतात, त्यावरून फोन करणारे भामटे आहेत. जो पर्सनल क्यूआर कोड पाठवतो, ओटीपी मागतो, आजच भरा उद्या डबल होईल म्हणतो, त्याला पैसे पाठवायचे नाहीत. गेले असतील तर लगेच १९३० वर सायबर तक्रार करा. बँकेचा एजंट घरी आला तर त्याच्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असायलाच हवं, दारातच मागा आणि फोटो काढून घ्या.

त्यांना काय करता येत नाही

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ ला बँका आणि फायनान्स कंपन्यांना स्पष्ट सांगितलंय की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचे नाहीत, धमक्या द्यायच्या नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही, घरच्यांच्या आणि मित्रांच्या खाजगी आयुष्यात घुसायचं नाही, मोबाईलवर किंवा सोशल मीडियावर वाटेल ते मेसेज टाकायचे नाहीत. मायक्रोफायनान्सला तर सकाळी ९ आणि संध्याकाळी ६ अशी वेळ आहे. एजंट बाहेरच्या कंपनीचा असला तरी त्याच्या वागण्याला बँकच जबाबदार असते. आणि बऱ्याच बँकांच्या स्वतःच्या वसुली धोरणात, जे त्यांच्याच वेबसाईटवर असतं, असं लिहिलेलं असतं की घरात मृत्यू झालेला असताना फोन किंवा भेट टाळावी. ते पान शोधून प्रिंट काढा. मी ते वाक्य पिवळ्या पेनाने रंगवून तक्रारीला जोडलं होतं.

पोलीस येतील, वॉरंट निघालंय, असं कोणी म्हणालं तर घाबरू नका, कर्ज थकणं ही दिवाणी बाब आहे. गेलेल्या माणसाने सही करून दिलेला चेक बाऊन्स झाला तरी कलम १३८ चा फौजदारी खटला त्याच्या बायकोमुलांवर चालवता येत नाही. उलट धमकी देणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, कलम ३५१. तुमचा सिबिल स्कोअरही नुसतं वारस आहात म्हणून बिघडत नाही, तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तरच त्याचा संबंध येतो. आणि लोन ॲपवाल्यांना तर तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग घ्यायचीच परवानगी नाही, त्यांनी नातेवाईकांना फोटो पाठवायला सुरुवात केली तर स्क्रीनशॉट काढा आणि थेट सायबरला जा.

मग पत्र

मृत्यूचा दाखला आला की, आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते तर ती आधी करा, दाखल्याच्या दहा-पंधरा प्रती काढून ठेवा. मग जिथे जिथे कर्ज आहे तिथे एक पत्र, ईमेलने आणि स्पीड पोस्टाने, दोन्ही. पत्रात मयताचं नाव, लोन किंवा कार्डाचा नंबर, मृत्यूची तारीख, दाखल्याची प्रत, आणि पुढे साधारण असा मजकूर. मी वापरलेला जसाच्या तसा देतेय:

"वरील खातेदारांचे निधन झाले आहे. मी त्यांची बहीण असून कुटुंबाच्या वतीने पत्रव्यवहार पाहत आहे. मी किंवा त्यांच्या पत्नी या कर्जात सहकर्जदार अथवा जामीनदार नाही. कृपया मृत्यूच्या तारखेची थकबाकी, मंजुरीपत्राची व कराराची प्रत, आणि या कर्जाशी जोडलेल्या कोणत्याही विम्याचा तपशील लेखी द्यावा. मृत्यूनंतरचे व्याज व दंड आकारू नयेत ही विनंती. यापुढे संपर्क फक्त लेखी व फक्त खालील पत्त्यावर करावा. हे पत्र म्हणजे कोणत्याही देण्याची कबुली नाही."

शेवटचं वाक्य विसरू नका. व्याज थांबवायलाच पाहिजे असा नियम तुमच्या बाजूने दरवेळी नसतो पण मागितल्याशिवाय कोणी थांबवत नाही, मागितलं की बऱ्याच ठिकाणी दंड आणि लेट फी तरी काढून टाकतात.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या वेबसाईटवर लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करता येते, एक पैसा लागत नाही, फोनवर माहिती हवी तर १४४४८. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, तिचा नंबर जपून ठेवा. वहीतल्या तारखा-वेळा इथे कामाला येतात, कारण "खूप फोन केले" यापेक्षा अमुक तारखेला रात्री ८.४० ला अमुक नंबरवरून, असं लिहिलं की वजन पडतं. आमच्याकडचे फोन तक्रारीनंतर चौथ्या दिवशी बंद झाले.

विमा शोधा, हे सगळ्यात महत्त्वाचं

वसुलीवाला हे कधीच आपणहून सांगत नाही. दादाचं एक पर्सनल लोनही होतं. लोनचं स्टेटमेंट मागवलं आणि पहिल्या पानावर, पैसे खात्यात आले त्याच दिवशी, बारा हजार काहीशे रुपयांची एक एन्ट्री होती, समोर तीन-चार अक्षरांचा कोड. मी दोनदा त्यावरून नजर फिरवून पुढे गेले होते, प्रोसेसिंग फी असेल म्हणून. माझ्या मैत्रिणीने, ती बँकेतच आहे, बोट ठेवलं आणि म्हणाली अगं हा विम्याचा प्रीमियम आहे. ते अख्खं लोन विम्यातून फिटलं. तोपर्यंत त्या लोनसाठी फोन करणाऱ्यांपैकी एकानेही, आणि मी वहीत सतरा फोन लिहिलेत, विमा हा शब्द काढला नव्हता.

म्हणून प्रत्येक लोनचं मंजुरीपत्र आणि पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट बघा. होम लोन, गाडीचं लोन, मायक्रोफायनान्स, सगळीकडे असा विमा असू शकतो. मग बँकेचं पासबुक घेऊन मे-जूनच्या आसपासच्या नोंदी बघा, ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजना, २ लाखांचा विमा, आणि २० रुपये दिसले तर ती अपघात विम्याची सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख. जून २०२२ च्या आधी हेच आकडे ३३० आणि १२ होते. पीएफ असेल आणि नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर पीएफबरोबर ईडीएलआय नावाचा विमा असतो, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत. शेतकरी असेल आणि अपघात असेल तर महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे, २ लाख, त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लवकर जा. बऱ्याच डेबिट कार्डांवरही अपघात विमा असतो, ब्रँचला लेखी विचारा.

मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर लोक लाजेने आणि दुःखाने क्लेमच करत नाहीत. करा. जीवन विम्याच्या पॉलिसीत साधारणपणे पहिल्या १२ महिन्यांचीच अट असते, त्यानंतर क्लेम मिळतो. आणि जीवन विमा पॉलिसी ३ वर्षं जुनी झाली की विमा कंपनीला माहिती लपवली वगैरे कारणाने ती मोडीत काढता येत नाही, विमा कायद्याचं कलम ४५.

आता यातले कुठले पैसे घेणेकऱ्यापासून सुरक्षित आहेत तेही सांगते, कारण नेमके तेच पैसे आले की फोन वाढतात. पीएफची रक्कम नॉमिनीला मिळते ती मयताच्या कर्जापासून मुक्त असते, तसं पीएफच्या कायद्यातच आहे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली काढलेली पॉलिसी असेल तर ती बायको-मुलांची, नवऱ्याच्या घेणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. ग्रॅच्युइटीवरही जप्ती येत नाही. पण एफडी आणि कर्ज एकाच बँकेत असेल तर बँक एफडीतून वळती करून घेऊ शकते, तिथे ब्रँच मॅनेजरशी आधी बोला.

खरंच फेडायचं असेल तेव्हा

दोन कॉलम करा, एकीकडे त्याचं जे काही आहे ते, दुसरीकडे देणं. गहाण असलेलं वेगळं ठेवा. होम लोनमध्ये घरच गहाण असतं, त्यामुळे मी जबाबदार नाही असं म्हणून ते सुटत नाही, हप्ते थांबले तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि पुढे ताबा. म्हणून होम लोनवाल्या बँकेशी भांडायच्या आधी बोला, मुदत वाढवून हप्ता कमी करून घ्या, विम्याचा क्लेम लागेपर्यंत वेळ मागा. सोनं तारण असेल तर लिलावाची तारीख विचारून घ्या, वारसाला पैसे भरून सोडवता येतं. शेतजमिनीचं म्हणाल तर सातबाऱ्यावर वारस नोंद करताना इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसतो का बघा, तो जमिनीबरोबर येतो, नाव बदललं म्हणून जात नाही.

वाटणीची घाई करू नका. देणी न भागवता गाडी विकली, पैसे वाटून घेतले, तर नंतर कोर्ट विचारू शकतं की मयताची मालमत्ता कुठे गेली, आणि हिशेब देता आला नाही तर तेवढ्या रकमेपुरती वसुली तुमच्यावर वैयक्तिक येते. म्हणून प्रत्येक रुपयाची पावती ठेवा. अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च भारतीय वारसा कायद्याच्या क्रमात सगळ्या कर्जांच्या आधी येतो, म्हणून हॉस्पिटलची आणि औषधांची बिलं फेकू नका. घरकाम करणाऱ्या बाईचा, शेतावरच्या गड्याचा शेवटच्या तीन महिन्यांचा थकलेला पगारही त्या क्रमात बँकेच्या साध्या कर्जाच्या आधी धरलेला आहे, आणि मला हे फार बरोबर वाटतं. आधी त्यांचे द्या.

कार्ड आणि पर्सनल लोनसारखी विनातारण कर्जं सगळ्यात शेवटी. मालमत्ता कमी असेल तर बँकेला यादी दाखवून एकरकमी तडजोड मागा, बहुतेक वेळा बरीच सूट देतात. पैसे द्यायच्या आधी पत्र हवं, पत्रात "पूर्ण व अंतिम" हे शब्द हवेत, आणि पैसे बँकेच्या कर्ज खात्यातच, एजंटच्या हातात नाही.

कोणाला मनापासून वाटत असेल की वडिलांचं देणं मी फेडीन, कायदा काही म्हणो, तर तो त्याचा हक्क आहे आणि मी त्याला आदरच देईन. फक्त ते ठरवायला तीन-चार महिने घ्या, घरखर्च, मुलांची फी बघा, आणि बँकेच्या आधी ज्या शेजाऱ्याने, मित्राने बिनव्याजी विश्वासाने दिले होते त्याचा विचार करा.

सावकाराचं प्रकरण असेल तर पहिला प्रश्न, लायसन आहे का. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे बिनपरवाना सावकारी गुन्हा आहे, तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे. कोरे स्टँप, सह्या केलेले चेक त्याच्याकडे असतील तर तेही तक्रारीत लिहा. वकील परवडत नाही असं म्हणून बायका गप्प बसतात, त्यांच्यासाठी सांगते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना फुकट वकील मिळतो, उत्पन्न किती आहे हे बघत नाहीत. फोन १५१००.

आणि तुमचेच पैसे अडकले असतील तर

हेही होतं, तुम्ही हातउसने दिलेले असतात आणि माणूस जातो. मागणं चूक नाहीये. पण भेटायला गेल्यावर, चार लोक बसलेले असताना, बायकोला बाजूला घेऊन सांगू नका, मी पाहिलंय ते दृश्य आणि त्या बाईचा चेहरा मला अजून आठवतो. मुदत ३ वर्षांची असते, महिना-दीड महिना थांबल्याने बहुतेक वेळा तुमचं काही जात नाही, आपली तारीख कधी भरते ते मात्र आधी तपासून घ्या. मग घरातला व्यवहार कोण बघतोय ते विचारा, त्याच्याकडे पुरावा घेऊन जा, बँक ट्रान्सफर असेल तर स्टेटमेंट, मेसेज असेल तर त्याची प्रिंट, आणि रक्कम तेवढीच सांगा, व्याज तोंडाने ठरलं होतं वगैरे नंतर काढू नका. त्यांनी लेखी मागा म्हटलं तर राग मानू नका, मी वर सगळ्यांना तेच शिकवलंय.

फिटल्यावर

नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या, त्याशिवाय फाईल बंद झाली असं धरू नका. घराचं लोन असेल तर मूळ कागदपत्रं पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे, आणि कर्जदार वारला असेल तर वारसांना कागद कसे मिळतील त्याची पद्धत बँकेने वेबसाईटवर लावलेली असली पाहिजे. गाडीच्या आरसीवरचा बँकेचा बोजा आरटीओतून काढून घ्या. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे जावं लागतं, तो आपोआप उतरत नाही.

दादाच्या कार्डाचं प्रकरण साडेसात महिन्यांनी मिटलं. त्याच्या खात्यातल्या शिल्लकेतून, जेवढी होती तेवढी, बँकेने घेतली आणि उरलेलं सोडल्याचं पत्र दिलं. वहिनीचे पाच हजार काही परत आले नाहीत, मी दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही, आता तिसऱ्यांदा लोकपालाकडे टाकलंय. ते पत्र, वही आणि दादाचा मोबाईल असं तिघं एकाच खणात आहे, मोबाईल वहिनी अजून महिन्यातून एकदा चार्ज करते.